खुंट्यांचा युरोप

मित्रांनो, मी एक जुना नकाशा आहे. मला घडी घालता येत नाही, माझी गुंडाळी होत नाही आणि मला उलटे धरलेत तर माझ्या निम्म्या खुंट्या गळून पडतील. मी लाकडाचा आहे. एका जाड फळीवर युरोप कोरलेला आहे. त्याच्या प्रत्येक प्रांतात एक भोक आहे आणि त्या भोकात एक खुंटी उभी आहे. खुंटीचा खालचा भाग काळा, वरचा हिरवा. माझी गोष्ट फारशी गोड नाही. मला माणसांची किळस कशी आली, ते मी सांगणार आहे. ती किळस आता पूर्ण गेली आहे असेही मी म्हणणार नाही.

मला घडवले त्यांचे नाव पद्माकर. नोकरीसाठी पुण्याहून सिंगापूरला आलेले, पुढे इथलेच झालेले. बुओना व्हिस्टाजवळच्या एका छोट्या सल्लागार कंपनीत ते काम करत. युरोपच्या कोणत्या प्रांताला वर्षाला किती ऊर्जा लागते आणि तिच्यातली किती वारा, ऊन, पाणी, लाकूडफाटा यांच्यापासून येते, याची तुलना करायची, हे त्यांचे काम. ऊर्जा म्हणजे नुसती वीज नव्हे, मित्रांनो. हिवाळ्यात घर तापवायला लागते ती, गाडीत भरतात ती, कारखान्याच्या भट्टीत जळते तीही. ज्यांना तिकडे पवनचक्क्या उभारायच्या असत, पैसे गुंतवायचे असत, ते लोक असे अहवाल विकत घेत. पद्माकरांनी स्वतः युरोप कधी पाहिला नव्हता. पण तिथल्या कोणत्या प्रांतात माणसे कशाने पाणी तापवतात, हे ते झोपेतून उठवले तरी सांगत.

ऑफिसात बाकीचे लोक ही तुलना संगणकावरच्या रंगीत नकाशांवर करत. टक्के जितके जास्त, तितका प्रांत गडद हिरवा. पद्माकरांना ते नकाशे खुपत. स्वीडनचा उत्तर भाग पडद्यावर हिरवागार पसरलेला दिसे आणि तिथली सगळी माणसे सिंगापुरातल्या यिशुनसारख्या दोन-तीन वस्त्यांत मावली असती. शिवाय टक्के कशाचे, हे कोणी विचारतच नसे. थोडे जाळणाऱ्याचे दहा टक्के आणि वखारीच्या वखारी जाळणाऱ्याचे पन्नास टक्के एकाच पट्टीवर मोजले जात. म्हणून २०११ साली चिनी नववर्षाच्या सुट्टीत त्यांनी हार्डवेअरच्या दुकानातून एक फळी आणि गोल काठ्यांचा भारा आणला, यिशुनच्या आपल्या फ्लॅटबाहेर कॉरिडॉरमध्ये वर्तमानपत्रे पसरली आणि करवत घेऊन बसले.

त्यांची मुलगी वल्लरी तेव्हा ज्युनिअर कॉलेजात होती. रंगवायचे काम तिच्याकडे आले. नियम सोपा होता. त्या प्रांतातल्या एका माणसामागे जितकी ऊर्जा लागते, तितकी खुंटी उंच. त्यातला जितका वाटा वारा-ऊन-पाण्याचा, तितकी ती वरून हिरवी. उरलेली सगळी काळी.

"बाबा, हा नॉर्थ स्वीडनवाला बघा. अर्ध्याच्या वर ग्रीन. विनर लाह," वल्लरी इथल्या पोरांच्या बोलीत म्हणाली. तिच्या दुसऱ्या हातात एक बुटकी खुंटी होती, रोमानियाच्या ईशान्य कोपऱ्याची. तिचे हिरवे टोक नखाएवढे होते. "आणि हा बिचारा फेल."

"काळं मोज," पद्माकर म्हणाले.

"काळं का? रिपोर्ट तर ग्रीनचा आहे ना तुमचा?"

"धूर कशातून निघतो? हिरव्यातून का काळ्यातून?"

"लाकडातून पण निघतो. आणि लाकूड तुम्ही ग्रीन धरलंय."

पद्माकर हसले. "हे भांडण जपून ठेव, आपण ते जेवताना भांडू. आत्ता काळं मोज."

तिने दोन्ही खुंट्या शेजारी शेजारी उभ्या केल्या आणि पट्टी लावली. उत्तर स्वीडनच्या खुंटीतले एकटे काळेच त्या रोमानियाच्या अख्ख्या खुंटीपेक्षा उंच भरले. वल्लरीने पट्टी पुन्हा एकदा लावून पाहिली. ब्रश पाण्यात बुडवून तशीच बसली.

"म्हणजे ज्याने सगळ्यात कमी जाळलं, तो फेल?"

"स्क्रीनवरच्या नकाशात फेल. म्हणून तर खुंट्या करतोय."

इतक्यात वल्लरीची आई, मीनल, दारात येऊन उभी राहिली. "युरोप उरकला की जरा आपल्या घराकडे बघा," ती म्हणाली. "बेडरूममधला एसी सकाळपासून चालू आहे आणि दोघंही इथे कॉरिडॉरमध्ये घाम पुसत बसलाय."

बाप-लेक एकमेकांकडे पाहू लागले. मग वल्लरी उठली आणि एसी बंद करून आली.

असा माझा जन्म झाला. जिथे कधी हिवाळा येत नाही अशा बेटावर, एका घामट कॉरिडॉरमध्ये. जुन्या चादरीत गुंडाळून मला एमआरटीने, म्हणजे इथल्या मेट्रोने, बुओना व्हिस्टाला नेले. खुंट्या वेगळ्या पिशवीत होत्या आणि ती पिशवी पद्माकरांनी प्रवासभर मांडीवर धरून ठेवली होती.

ऑफिसातली पहिली काही वर्षे माझी सुखाची गेली. मला खिडकीजवळच्या टेबलावर ठेवले होते. तुलनेवरून दोघांची हुज्जत झाली की ते उठून माझ्याजवळ येत आणि बोटाने काळे मोजत. पोलंडच्या कोळशाच्या पट्ट्याशी बोट थांबे. डेन्मार्कच्या किनाऱ्यावर हिरवे पाहून कोणी मान डोलावी, मग खालचे काळे मोजू लागे. दरवर्षी नवे आकडे आले की पद्माकर डबा खाऊन झाल्यावर पॉलिश पेपर आणि रंग काढून बसत. ज्या प्रांताचा आकडा बदलला असेल त्याची खुंटी उपसायची, घासायची, पुन्हा रंगवायची. उंच करायची असेल तर नवी कापायची. जेवणाची सुट्टी संपली की ते टेबलावरचा भुसा हाताने गोळा करत आणि रिकाम्या डब्यात भरून घरी नेत. ऑफिसची जमीन खराब होऊ नये, एवढ्यासाठीच. लोक माझे फोटो काढत. मला अभिमान वाटे. स्तुती लाकडालाही आवडते, मित्रांनो.

मग अभय आला. तोही मराठी माणूस, मुंबईचा, वयाने पद्माकरांहून बराच लहान, पण हुद्द्याने वर. गोड बोलणारा. गणपतीत पद्माकरांच्या घरी जेवायला गेलेला, मीनलला वहिनी म्हणणारा, वल्लरीला चॉकलेटे नेणारा. माणूस वाईट होता असे मी म्हणत नाही. वाईट माणसाची एवढी शिसारी येत नाही.

ते २०१५ साल होते. शेजारच्या बेटांवर आगी लागल्या होत्या आणि सिंगापूरवर कित्येक दिवस धुराचे सावट होते. लोक तोंडाला मास्क लावून येत. आत मात्र एसी इतका गार की सगळे खुर्चीवरचे जाकीट चढवूनच कामाला बसत. बाहेर जंगल जळतंय, आत माणसे कुडकुडतायत आणि टेबलावर ऊर्जा वाचवण्याचे अहवाल, तेही जाड प्लास्टिकच्या वेष्टणात. मला माणसांची किळस पहिल्यांदा आली ती तेव्हा.

अभय माझ्यासमोर उभा राहिला, हात खिशात घालून.

"पद्माकरराव, हा लॉबीत ठेवायचा म्हणतोय. पुढच्या आठवड्यात युरोपातून पाहुणे येतायत."

"ठेव की," पद्माकर म्हणाले. त्यांना बरे वाटले होते, ते त्यांच्या आवाजावरून मला कळले.

"फक्त एक आहे. फार काळा दिसतो हो."

"दिसत नाही. आहे."

"मला कळतं ना. मी काय बाहेरचा आहे का? पण माणूस दारातून आत शिरला की त्याला पहिलं काय दिसतं? कोळशाचं गोदाम. आपण विकतोय काय? आशा. माणूस आशेसाठी चेक फाडतो, काळजीसाठी नाही."

"आकडे बदलणार नाही मी."

"एकही आकडा बदलायचा नाही. खुंट्या थोड्या खाली घेऊ, बस. सगळ्यांचं काळं आत, सगळ्यांचं हिरवं बाहेर. सगळ्यांना एकच न्याय."

"अभय, इथे उंची म्हणजेच आकडा आहे. तू उंची झाकतोयस."

"तुम्ही ना, एकदम मास्तर आहात," अभय हसून म्हणाला आणि त्यांच्या खांद्यावर थोपटून निघून गेला.

पद्माकर दोन दिवस तापाने घरी होते. त्या दोन दिवसांत एक सुतार आला. त्याने माझी भोके आरपार केली, एक पांढरी चकचकीत पेटी आणली आणि मला तिच्यावर झाकणासारखे ठोकले. आतून पेटी पोकळ होती. त्याने एकेक खुंटी खाली सरकवली आणि हिरवे सुरू होते तिथे पेटीच्या आत आडवा खिळा मारून ती अडवली. संध्याकाळी सगळा युरोप कोवळ्या गवतासारखा दिसत होता. सगळे काळे माझ्या पोटात. ज्याची हिरवी टोपी मोठी तो पुढे आणि टोपीखाली काय आहे ते कोणाला दिसू नये, अशी सोय. उत्तर स्वीडन सगळ्यांत उंच झाला. रोमानियाचा तो ईशान्य कोपरा, जो सगळ्यांत कमी जाळत होता, तो फळीवर नुसता पुटकुळीसारखा उरला.

पद्माकर आले तेव्हा लॉबीत खाण्याची टेबले मांडली जात होती. ते माझ्यापुढे वाकले. पलंगाखाली चप्पल शोधावी तसे त्यांनी पेटीच्या फटीत पाहिले. मग पोलंडची खुंटी चिमटीत धरून वर ओढली. ती हलली नाही.

"सर, प्लीज," अभय मागून म्हणाला. आज तो त्यांना सर म्हणत होता. "पाहुणे दारात आलेत."

पद्माकर सरळ उभे राहिले. त्यांचा चेहरा मी कधी तसा पाहिला नव्हता. तो रागाचा नव्हता. जेवताना घासात केस यावा आणि पंगतीत उठता येऊ नये, तसा होता.

"माझं नाव काढ यावरून," ते म्हणाले. "अहवालावरूनही."

"अहो, तुमचं श्रेय आहे. असं रागावून सोडू नका."

"रागावलो नाही. नाव काढ."

"बरं," अभय म्हणाला आणि त्याच्या तोंडावर सुटकेचा भाव आला. मला तोच जास्त झोंबला. त्याला भीती होती की पद्माकर काही मोठे मागतील.

त्या संध्याकाळचे मला सगळे आठवते. जाकिटे घातलेली माणसे माझ्याभोवती गोळा झाली. कोणी आल्प्सच्या कडेला कॉफीचा कागदी कप ठेवला. कोणी केकचे लोणी लागलेली बोटे नॉर्वेवर टेकवून फोटो काढला. पाहुण्यांत एक रोमानियाची बाई होती. ती वाकून बराच वेळ आपला प्रांत शोधत राहिली. सापडल्यावर तिने बोट ठेवले आणि अभयकडे पाहिले. अभय इंग्रजीत म्हणाला, "अजून मागे आहेत, पण येतील पुढे." बाई हसली. ज्यांना नेहमी मागे असल्याचे ऐकावे लागते, ते हसतात तसे. ज्या घरात रात्री एकच खोली तापवतात, त्या घराला काटकसरीचे धडे देण्यासारखे ते होते आणि धडा देणारे एसीत कुडकुडत होते. मी ओरडू शकलो असतो तर ओरडलो असतो.

शेवटी एका पाहुण्याने साते, म्हणजे काडीला खोचून भाजलेले मांस, खाऊन झाल्यावर काडी टाकायला इकडे तिकडे कचऱ्याचा डबा शोधला आणि सापडेना म्हणून ती माझ्याच, सुताराने खुंटी हरवलेल्या एका भोकात, भूमध्य समुद्राच्या काठाशी, खोचून दिली. शेंगदाण्याची चटणी आत ओघळली. दुसऱ्या दिवशी मुंग्या आल्या.

सहा महिन्यांनी सगळ्यांना माझा कंटाळा आला. मला लॉबीच्या कोपऱ्यात, छत्र्या ठेवायच्या बादलीशेजारी सरकवले. पावसात भिजून आलेली माणसे छत्री झटकत, ते पाणी माझ्यावर उडे. कोणी हॉकर सेंटरच्या खाण्याच्या गाळ्यांवरून आणलेल्या जेवणाच्या पिशव्या माझ्यावर ठेवून लिफ्टची वाट पाही. आत, पेटीच्या अंधारात, दमटपणाने काळ्या खुंट्यांवर पांढरी बुरशी चढली. झुरळांनी संसार थाटला. वरून मात्र मी हिरवाच होतो. येणारे-जाणारे म्हणत, छान आहे, नाही का?

आणि पद्माकर? ते रोज सकाळी येत आणि माझ्याकडे न पाहता पलीकडच्या लिफ्टने जात. मला त्यांचाही राग आला, खोटे कशाला बोलू. मला वाटे, या माणसाने मला घडवले, आता मला अशा घाणीत सोडून हा रोज टाय लावून वर कसा जातो? त्यांच्या मुलीचे कॉलेज संपायचे होते आणि पन्नाशी उलटलेल्या माणसाला इथे दुसरी नोकरी सहज मिळत नाही, हे मला ठाऊक होते. ठाऊक असले म्हणून राग कमी होत नाही.

एकदाच ते थांबले. लॉबीत कोणी नव्हते. त्यांनी ती वाळलेली सातेची काडी ओढून काढली, रुमालात गुंडाळली, रुमाल खिशात घातला आणि गेले. त्यानंतर थोड्याच महिन्यांत ते यायचे बंद झाले. आजारी आहेत, असे कोणी तरी म्हणाले. मग एक दिवस लिफ्टशेजारी त्यांचा फोटो आणि पांढरी फुले ठेवलेली मला दिसली.

मित्रांनो, गोष्ट इथे संपली असती तर मी तुम्हाला ती सांगितली नसती.

२०१८ साली अचानक माझी साफसफाई सुरू झाली. वरून, अर्थात. चकाकीचा फवारा मारला, हिरवी टोके फडक्याने पुसली आणि पेटीवर एक पितळी पाटी चिकटवली. पाटीवर पद्माकरांचे पूर्ण नाव होते आणि खाली इंग्रजीत लिहिले होते की हिरव्या उद्याचे स्वप्न यांनी पाहिले. पुन्हा टेबले आली, पांढरे टेबलक्लॉथ आले, फुले, केक आणि करी पफच्या थाळ्या आल्या. ऑफिसातली माणसे जाकिटे घालून जमली.

मीनल आणि वल्लरी जरा लवकरच आल्या. वल्लरी आता नोकरी करणारी, केस कापलेली बाई झाली होती. पण हात मी ओळखले. तिने मला पाहिले आणि ती जागच्या जागी थांबली.

"या वहिनी," अभय पुढे आला. "सरांचं खरं स्मारक म्हणजे हेच. म्हटलं, याहून दुसरं काय असणार?"

मीनलने पाटीवरून बोट फिरवले, प्रत्येक अक्षरावरून. "छान केलंस रे," ती म्हणाली.

"अभयकाका," वल्लरी म्हणाली, "बाबांनी यावरून नाव काढायला सांगितलं होतं ना?"

"अगं, ते त्या वेळी जरा हळवे झाले होते. तापातून उठले होते."

"ताप उतरला होता. मला त्यांनी सांगितलंय, एमआरटीत. तुम्ही लगेच बरं म्हणालात, ते पण सांगितलंय."

मीनलने वळून मुलीकडे पाहिले. "काय सांगितलंय? मला नाही काही बोलले."

"तुला त्रास नको म्हणून. आई, हे असं नव्हतं. आठवतंय तुला? कॉरिडॉरमध्ये केलं तेव्हा सगळं उंच होतं. खाली काळं होतं."

"असेल. मला कुठे तुमच्या रंगातलं कळतं." मीनलचा आवाज खाली आला. "वल्लरी, त्यांची राख आपण समुद्रात सोडली. फुलं ठेवायला एक जागा नाही मला. कुठे तरी नाव राहतंय, ते राहू दे ना."

"राहू दे. पण ज्याच्यावर त्यांना नको होतं, त्याच्यावर?"

"आता कोणाला कळणारेय?"

"मला," वल्लरी म्हणाली.

अभयने घड्याळात पाहिले. "आपण हे नंतर बोलू या का? लोक आलेत."

वल्लरीने खांद्यावरची पर्स आईच्या हातात दिली. ती माझ्यासमोर वाकली, उत्तर स्वीडनची खुंटी मुठीत धरली आणि पिळली. फुगलेले लाकूड सुटेना. तिने दुसरा हात लावला. आत खिळा करकरला, मोडला आणि मी मुळापासून हललो. खुंटी वर आली. आधी हिरवी, मग काळी, आणखी काळी, येतच राहिली. अंगभर पांढरी बुरशी, झुरळांची वाळलेली अंडी चिकटलेली. दमट, कुजका वास लॉबीभर पसरला. टेबलाजवळचे लोक दोन पावले मागे झाले.

वल्लरीने ती खुंटी पांढऱ्या टेबलक्लॉथवर, करी पफच्या थाळीशेजारी, आडवी ठेवली.

"वल्लरी, अगं लोक बघतायत," अभय दबक्या आवाजात म्हणाला.

"बघायलाच तर बोलावलंय ना तुम्ही त्यांना."

"हे बरं नाही दिसत. सरांच्या आठवणीच्या दिवशी..."

"काका, तुम्हाला घाण वाटत असेल तर बाजूला उभे राहा."

ती पुन्हा वाकली. पोलंड. डेन्मार्क. मग रोमानियाची बुटकी आणि तिच्या शेजारची. तिचे तळवे काळे-हिरवे झाले, एका बोटातून रक्त आले. कोणी तिला थांबवले नाही आणि कोणी मदतही केली नाही. हातातल्या कागदी ताटल्या तशाच धरून सगळे उभे होते.

मी मीनलकडे पाहत होतो. तिने दोन्ही पर्स छातीशी धरल्या होत्या. तिची नजर पाटीवर होती, मग टेबलावर, मग पुन्हा पाटीवर. मला तेव्हा फक्त तिची भीती वाटत होती. एक शब्द ती बोलली असती, पुरे कर म्हणाली असती, तर वल्लरीला थांबावे लागले असते. नवऱ्याचे नाव तिचे होते. त्यावर मुलीपेक्षा तिचा हक्क मोठा होता.

ती टेबलाजवळ गेली. पर्स खाली ठेवल्या. रोमानियाची ती बुटकी खुंटी उचलून तिने ओढणीच्या टोकाने पुसली. बुरशी निघाली. खाली बोटाच्या पेराएवढे काळे होते, तेवढेच.

"एवढंच होय याचं," ती स्वतःशीच म्हणाली.

मग ती अभयकडे वळली. शेजाऱ्याकडे वाटीभर साखर मागावी इतक्या साध्या आवाजात तिने विचारले, "अभय, ऑफिसात एखादी पातळ सुरी असेल का रे?"

"सुरी? कशाला, वहिनी?"

"ही पाटी काढायची होती."

अभयने सुरी आणली नाही. तो फोनवर बोलायचे निमित्त करून आत निघून गेला. मीनलने केक कापायला ठेवलेली प्लास्टिकची सुरी घेतली, पाटीच्या कडेत सरकवली आणि हळूहळू, अक्षरांना ओरखडा न येऊ देता, ती पाटी सोडवली. मग तिने ती अभयने ठेवलेल्या फुलांशेजारी पालथी ठेवली आणि मुलीला म्हणाली, "अजून किती राहिल्यात? सगळ्या काढायच्या ना?"

"सगळ्या," वल्लरी म्हणाली.

"सरक जरा. या बाजूच्या मी काढते."

मित्रांनो, मी आता यिशुनच्या त्याच फ्लॅटमध्ये आहे. पांढरी पेटी तिथेच राहिली. वल्लरीने माझ्या तळाला नवी फळी ठोकली, खुंट्या उन्हात वाळवल्या आणि पुन्हा उभ्या केल्या. काहींना चिरा गेल्या आहेत. दोन हरवल्या, त्यांच्या जागी भोके आहेत. माझे आकडे शिळे झाले आहेत. ज्यांनी ते ताजे केले असते ते नाहीत आणि वल्लरीला ते काम येत नाही, येते असा आवही ती आणत नाही. युरोप आता बदलला असेल. कुठे हिरवे वाढले असेल, कुठे काळे उतरले असेल. ते पाहायला तुम्हाला माझ्यासारखा दुसरा नकाशा करावा लागेल.

घरी कोणी पाहुणा आला की विचारतो, हे काय आहे? मीनल सांगते, "ह्यांनी केलंय." पाटीची आठवण ती काढत नाही. रविवारी ती मला पुसते. तिचे गुडघे दुखतात, तरी खाली बसून पुसते.

माझी एकच विनवणी आहे. तुमच्या घरातही असे काही तरी असेल, जे एखाद्याने मोजून, घासून, मान मोडून केलेले असेल. त्याच्यावर चकाकीचा फवारा मारू नका. त्याच्यावर पाटी लावायची घाई करू नका. लाकडाला ओले फडके लावू नका, ते फुगते. कोरडे, मऊ, जुन्या सुती कापडाचे फडके घ्या. आणि पुसताना वरच्या टोकाशी थांबू नका, हात खालपर्यंत जाऊ द्या.